थंडीची बेगमी

ज्या मुलुखात वर्षाचे आठ महिने माणसाचे सारे शहाणपण उन्हापासून अंग वाचवण्यात खर्ची पडते, त्या मुलुखाला थंडीच्या पोशाखाचाही काही इतिहास असेल, ही कल्पना प्रथमदर्शनी कोणालाही चमत्कारिक वाटेल. नांदेडहून हिंगोलीच्या वाटेवर लागणारे अर्धापूर हे अशाच उष्ण मुलुखातले एक जुने गाव. केशवराजाच्या प्राचीन मूर्तीमुळे ते भाविकांना आणि अभ्यासकांना ठाऊक आहे, आणि केळी व हळद या दोन जिनसांमुळे दूरदूरच्या पेठांतील व्यापाऱ्यांना. वैशाखात येथे पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि पौषातल्या पहाटे तो दहा अंशांच्या आसपास उतरला की चौकाचौकांत शेकोट्या पेटतात. अशा गावातील कुटुंबांनी मुलाबाळांसह गुलमर्ग, औली किंवा सोलांग येथे जाऊन बर्फावर स्कीइंग शिकावे, ही गोष्ट दोन पिढ्यांपूर्वी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. आज ती घडू लागली आहे. आणि प्रवासाची तिकिटे हाती पडताच घराघरांत जी पहिली चिंता उभी राहते ती कपड्यांची. काय घ्यावे, किती घ्यावे, आणि आठवडाभराच्या हौसेसाठी वर्षभराची शिल्लक कशी मोडू नये, हा तो प्रश्न आहे. माझे प्रतिपादन असे की, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दुकानाच्या झगमगाटाकडे पाहण्याआधी आपण आपल्याच मुलुखाच्या जुन्या व्यवहाराकडे पाहावे. कारण अल्प खर्चात थंडीची बेगमी कशी करावी याचा विचार येथील शेतकऱ्याने, धनगराने आणि घरच्या म्हाताऱ्या बायांनी शतकानुशतके केलेला आहे.

गोदावरीचे हे खोरे मुळात कापसाचे. काळ्या जमिनीत कापूस पिकावा, बायकांनी तो कातावा आणि कोष्ट्या-साळ्यांनी विणावा, असा येथला क्रम होता. नांदेडच्या तलम कापडाची कीर्ती निजामी अमदानीत दूरवर होती. पुढे मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत त्यांच्या नावाची उस्मानशाही मिल याच शहरात उभी राहिली, आणि स्वातंत्र्यानंतर नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीकडे राष्ट्रध्वज तयार करण्याचा मान आला. ज्या प्रदेशाच्या हातात सूतच सूत होते, त्याने थंडीवरही सुताचाच उपाय शोधला. जाड विणीची पासोडी ही त्या उपायाची पहिली पायरी. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी आपले पंचीकरणाचे विवेचन कागदावर न लिहिता सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा पासोडीवर लिहिले, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित आहे; परंतु वस्त्रांच्या इतिहासाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, सोळाव्या शतकातल्या मराठवाड्यात पासोडी हे इतके टिकाऊ आणि सहज उपलब्ध होणारे वस्त्र होते की ग्रंथकर्त्याला त्यावर विसंबून आपला ग्रंथ लिहिता आला.

पासोडीच्या पुढची पायरी म्हणजे थर. एका जाड कापडापेक्षा अनेक पातळ कापडे एकावर एक घातल्याने अधिक ऊब मिळते, हे तत्त्व मराठवाड्याच्या प्रत्येक घरात गोधडीच्या रूपाने नांदत होते. जुनी लुगडी, फाटकी धोतरे, मुलांची आखूड झालेली अंगरखी यांचे तुकडे एकावर एक अंथरून, कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जाणारी बाई शास्त्राची कोणतीही परिभाषा न वापरता हवेचे थर कोंडीत असे. गोधडीची ऊब कापडात असते त्याहून अधिक त्या थरांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेत असते. म्हणूनच नवी, फुललेली गोधडी उबदार आणि वर्षानुवर्षे दबून चप्पट झालेली गोधडी थंड लागते. ऐपतदार घरांत हेच काम कापूस भरलेली दुलई करी, आणि अंगावर घालायचा दगलाही त्याच तत्त्वावर, दोन कापडांमध्ये कापूस घालून शिवलेला असे. या सर्व वस्त्रांत एक उणीव मात्र होती: कापूस ओला झाला की त्याची ऊब संपते. ओलीपुढे गोधडी हतबल, दुलई हतबल आणि दगलाही हतबल. आणि ज्याला रात्र उघड्या माळावर, दवात आणि पावसात काढायची आहे, त्याला निराळ्याच वस्त्राची गरज होती.

ते वस्त्र म्हणजे घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर राठ. परदेशी मेरिनोच्या मऊपणाशी तिची तुलना होऊ शकत नाही आणि उघड्या अंगाला ती टोचते. परंतु या राठपणातच तिचे सामर्थ्य आहे. वर्षातून दोनदा मेंढ्या कातरून निघालेली ही लोकर धुवावी, निवडावी, धनुकलीने पिंजावी आणि घरच्या बायकांनी तिचे सूत कातावे, हा पहिला टप्पा. नंतर सणगर किंवा खुटेकर धनगर ते सूत ताण्याला लावतो, आणि चिंचोके भाजून, भिजवून, वाटून केलेली खळ कुंच्याने त्या ताण्यावर बसवतो, म्हणजे राठ धाग्याचे केस आडवे बसून माग चालताना ते एकमेकांत गुंतत नाहीत. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर पायांनी ताणा उघडमीट करतो आणि हातांनी धोटा फेकतो; काळ्या मेंढीची लोकर काळी आणि पांढऱ्या मेंढीची पांढरी असल्यामुळे रंगाऱ्याचा खर्च पडत नाही, आणि काठाच्या दोन-चार पांढऱ्या रेघा एवढेच काय ते त्या वस्त्राचे अलंकरण. माग सोडलेली घोंगडी प्रथम कडक लागते. पुढे वापरात आणि धुण्यात तिचे धागे आवळून येतात, विणीतली भोके बुजतात, आणि काही पावसाळे पाहिलेली घोंगडी नव्या घोंगडीपेक्षा वारा अधिक अडवते.

लोकरीच्या अंगचा गुण असा की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल आत सामावून घेऊनही स्पर्शाला ओली लागत नाही, आणि मेंढीच्या अंगची नैसर्गिक चरबी तिच्यात उरलेली असल्यास पावसाचे थेंब वरच्यावर निथळून जातात. धनगराने हे निरीक्षणाने जाणले. मृगाच्या सरीत तो घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेई, रात्री तीच अंगाखाली किंवा अंगावर असे, दिवसा तिचीच घडी खांद्यावर राही, आणि कळपातले नवे कोकरू थंडीने गारठले तर तेही तिच्यातच गुंडाळले जाई. एकाच वस्त्राने छत्रीचे, अंथरुणाचे, पांघरुणाचे आणि झोळीचे काम करावे, ही काटकसर दारिद्र्याने शिकवली असेल. पण तिच्यामागची दृष्टी वस्तूचा पूर्ण उपयोग करून घेणाऱ्या कुशल माणसाची आहे.

घोंगडीच्या निवडीचे शास्त्र पाहायचे असेल तर लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेकडे वळले पाहिजे. मार्गशीर्षाच्या अखेरीस, म्हणजे थंडीला खरी धार चढू लागण्याच्या सुमारास, ही यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे यांच्या बाजारासाठी ती सबंध दक्षिणेत प्रसिद्ध आहे, आणि धनगर समाजाच्या या मोठ्या मेळाव्यात घोंगड्यांचे गठ्ठेही मांडले जातात. तिथे जाणता गिऱ्हाईक भाव विचारण्याच्या आधी घोंगडी उलगडून उजेडासमोर धरतो आणि विणीतून प्रकाश कोठे कमी, कोठे अधिक येतो ते पाहतो. मग तो चिमटीत कापड धरून चोळतो, म्हणजे खळीचा ताठरपणा किती आणि लोकरीचा भरणा किती याचा अंदाज येतो. ती हातात तोलतो. काठ ओढून पाहतो. आणि शक्य असेल तर ओंजळभर पाणी तिच्यावर टाकून ते किती वेळ वर ठरते हे पाहतो. हे सर्व झाल्यावर घासाघीस सुरू होते. दिसण्याला या परीक्षेत स्थान सर्वांत शेवटचे असते. प्रथम काम, मग आयुष्य, मग भाव आणि सर्वांत अखेरीस रूप, हा जो क्रम त्या निरक्षर गिऱ्हाइकाने पाळला, तो आजच्या खरेदीदारानेही जसाच्या तसा उचलावा अशा योग्यतेचा आहे.

दरबारी थंडीची गोष्ट अर्थातच निराळी. काश्मिरी शाल, विलायती बनात, तांबडी सकलाद ही वस्त्रे सरदार, जहागीरदार आणि बड्या अंमलदारांच्या घरांतली. त्यांचा संबंध उबेपेक्षा प्रतिष्ठेशी अधिक. शालजोडी देऊन विद्वानाची संभावना करण्याचा प्रघात सर्वत्र होता, आणि तीच शाल पुढे तीन-तीन पिढ्या पेटीत जपून ठेवली जाई. सामान्य रयतेच्या थंडीशी या वस्त्रांचा संबंध नसल्याने येथे त्यांचा अधिक विस्तार करण्याचे प्रयोजन नाही.

परंतु या मुलुखाचा आणि उत्तरेच्या थंडीचा एक जुना संबंध असा आहे की त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी आजच्या लातूर जिल्ह्यातल्या उदगीर येथे निजामाचा पराभव केला, आणि मार्चमध्ये जालन्याजवळच्या परतूरहून ही विजयी फौज उत्तरेकडे निघाली. निघतेवेळी ऊन तापू लागले होते. दख्खनच्या वाटेने तापी आणि नर्मदा ओलांडताना लोकरीच्या कपड्यांची आठवण कोणाला व्हावी? मोहीम लांबत गेली, पावसाळा यमुनेच्या काठी गेला, आणि नोव्हेंबरपासून पुढचे अडीच महिने ही फौज पानिपतच्या मैदानावर अडकून पडली. रसद तुटली, उपासमार सुरू झाली, आणि त्यात उत्तर हिंदुस्थानातला पौष येऊन ठेपला. समोरचा शत्रू अशा देशातून आला होता की जिथे मेंढीच्या कातड्याचा पोस्तीन हा हिवाळ्याचा नित्याचा पोशाख. इकडे सुती अंगरख्यांनी उष्ण मुलुखाची सवय जपलेली. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या त्या पराभवाची कारणे अनेक आहेत आणि थंडी हे त्यांतले प्रमुख कारण कोणी म्हणणार नाही. तथापि ज्या ऋतूत आणि ज्या भूमीवर आपण उभे राहणार आहोत त्याची बेगमी निघण्यापूर्वीच करावी लागते, हा धडा त्या भीषण हिवाळ्याने महाराष्ट्राला फार मोठी किंमत घेऊन शिकवला.

इंग्रजी अमलात लोकरीचे कारखाने निघाले, आणि घोंगडीच्या एकछत्री राज्याला प्रथम धक्का बसला. कानपूरची लाल इमली ही गिरणी १८७६ मध्ये आणि पंजाबातली धारीवालची गिरणी १८८० मध्ये सुरू झाली; दोहोंनाही फौजेच्या कांबळ्यांचे आणि गणवेशांचे मोठे काम मिळाले, आणि त्यांच्या नावाचे शिक्के असलेल्या शाली व ब्लँकेटे रेल्वेच्या वाटेने दक्षिणेच्या पेठांत पोहोचली. ठाण्याच्या खाडीकाठी १९२५ मध्ये उभी राहिलेली रेमंडची गिरणीही आरंभी जाडेभरडे कांबळे आणि हलक्या किमतीचे लोकरी कापडच विणत असे. सुटाबुटाच्या उंची कापडाशी तिचे नाव जोडले गेले ते पुढच्या काळात. गिरणीचे कांबळे घोंगडीहून हलके आणि कमी टोचणारे असल्यामुळे शहरातल्या नोकरदाराने ते पत्करले. खेड्यातला शेतकरी मात्र दीर्घकाळ घोंगडीशीच एकनिष्ठ राहिला, कारण पाण्यात आणि चिखलात टिकण्याची तिची ताकद गिरणीच्या कांबळ्यात नव्हती.

त्यानंतर आला स्वेटर. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपुष्टात आली, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला, आणि शाळा, कचेऱ्या, बदल्या यांच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतल्या रीतीभाती येथे मिसळल्या. दुपारच्या वेळी ओसरीवर बसून दोन सुया आणि लोकरीचा गुंडा घेऊन उलट-सुलट टाके घालणारी गृहिणी हे त्या काळातले सर्वत्र दिसणारे दृश्य होते. मुलगा वाढला की जुना स्वेटर उसवावा, लोकर वाफेवर सरळ करावी, तीत एका नव्या रंगाची भर घालावी आणि पुढच्या मापाचा स्वेटर विणावा. अशा रीतीने एकच लोकर तीन भावंडांच्या अंगाला लागे. गोधडीची काटकसर अशी स्वेटरात उतरली.

तयार स्वेटर आले ते लुधियानाहून. १८३३ च्या दुष्काळानंतर काश्मिरातून उतरलेल्या शालविणकरांनी त्या शहरात लोकरीच्या कामाचा पाया घातला, आणि विसाव्या शतकात तेथे होजिअरीचा फार मोठा उद्योग वाढला. नांदेडचा पंजाबशी संबंध तर त्याहून जुना आणि पवित्र: गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये येथेच निजधामास गेले, महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड साहिबची वास्तू उभारली, आणि आज सचखंड एक्सप्रेस नांदेड व अमृतसर यांना लुधियानाच्या वाटेनेच जोडते. यात्रेकरूंच्या या अखंड वर्दळीत पंजाबी लोकरीचे कपडे नांदेडच्या माणसाला परके उरले नाहीत. १९५९ नंतर भारतात आश्रय घेतलेल्या तिबेटी निर्वासितांनी या व्यापाराला आणखी एक अंग दिले: लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्याकडून विश्वासावर उधार माल उचलायचा, दिवाळीनंतर देशभरच्या शहरांत तंबू ठोकून तो विकायचा, आणि हंगाम संपताच हिशेब चुकता करायचा. मराठवाड्याच्या शहरांतून दर हिवाळ्यात लागणाऱ्या त्यांच्या दुकानांनी स्वस्त, टिकाऊ आणि बऱ्या शिलाईचा स्वेटर सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला.

आता बर्फाकडे वळू. हिंदुस्थानात स्कीइंगचा खेळ इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी आणला, आणि १९२७ मध्ये गुलमर्ग येथे स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली. त्या काळच्या खेळाडूंच्या अंगावर काय असे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांचा तेव्हा पत्ता नव्हता. अंगालगत लोकरीची बनियन, तिच्यावर लोकरीचा स्वेटर आणि सर्वांवर घट्ट विणीच्या गॅबर्डिन कापडाचा कोट, एवढ्यावर सारे भागत असे. नॉर्वेच्या नान्सेनने १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले तेही लोकरीच्याच जोरावर. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर गेलेल्या मॅलरीच्या पोशाखाच्या प्रतिकृती करून २००६ मध्ये त्या पर्वतावरच पारखण्यात आल्या, तेव्हा रेशीम, सूत, लोकर आणि गॅबर्डिन यांचे ते पातळ थर हलके आणि उत्तम उबदार असल्याचे आढळले. गुलमर्गच्या उतारांवर साहेब स्की बांधीत असता त्याच बर्फातून सरपण वाहणारा काश्मिरी माणूस लोकरीच्या फेरनमध्ये आणि कुलूचा शेतकरी घरच्या पट्टूमध्ये हिवाळा काढीत होता. धनगराची घोंगडी आणि हिमालयाचा पट्टू ही एकाच विचारातून निघालेली वस्त्रे होत. नायलॉन १९३५ मध्ये निघाले, पाणी अडवून वाफ बाहेर सोडणारा गोरटेक्सचा पडदा १९६९ मध्ये सापडला, आणि ज्याला आपण फ्लीस म्हणतो ते हलके, केसाळ कापड १९७९ मध्ये तयार झाले. सामग्री बदलली, तत्त्व तेच राहिले.

ते तत्त्व तीन थरांचे. अंगालगतच्या थराने घाम शोषून बाहेर टाकावा, मधल्या थराने हवा कोंडून ऊब राखावी, आणि बाहेरच्या थराने वारा व बर्फ अडवावा. प्रथमच स्की बांधणारा माणूस वारंवार पडतो आणि पडल्यावर उठण्यात त्याला विलक्षण श्रम होतात. म्हणजे त्याला बाहेरून बर्फाची ओल लागते आणि आतून घामाची. घाम धरून ठेवण्याचा सुताचा जो गुण अर्धापूरच्या वैशाखात अंगाला गारवा देतो, तोच गुण बर्फावर घातक ठरतो: ओली सुती बनियन अंगाची ऊब ओढून घेते, आणि भिजलेली जीनची विजार तर काही वेळात गोठल्यासारखी ताठ होते. म्हणून सुती कपडे मुक्कामाच्या खोलीसाठी ठेवावेत, उतारावर ते नकोत. अंगालगत थर्मल घ्यावे, आणि दोन जोड घेण्याची ऐपत नसेल तर दुसरा जोड म्हणून मुलांची खेळाची पॉलिस्टर जर्सी चालते. ती घाम धरत नाही आणि रात्रीतून वाळते. मधल्या थराला घरचा लोकरी स्वेटर उत्तम. घरात दोन पातळ स्वेटर असतील तर एका जाड स्वेटरहून ते बरे, कारण श्रमाने अंग तापताच एक काढून ठेवता येतो.

बाहेरच्या थराचा खर्च मात्र सर्वांत मोठा, आणि पहिल्याच सहलीसाठी तो करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मनालीहून सोलांगच्या वाटेवर क्रमांक घातलेल्या दुकानांची रांगच लागते, आणि तेथे बर्फाचे सूट व बूट दिवसाच्या भाड्याने मिळतात. गुलमर्गला जाणाऱ्यांना टंगमर्ग येथे कोट आणि गमबूट भाड्याने घेता येतात, आणि स्की, स्कीचे बूट व काठ्या प्रत्यक्ष उतारापाशी. हे भाड्याचे कपडे घेतानाही माळेगावच्या गिऱ्हाइकाचाच क्रम पाळावा. हात आत घालून अस्तर कोरडे आहे ना ते पाहावे, कारण आदल्या दिवशीची ओल पुष्कळदा वाळलेली नसते. चेन वरपासून खालपर्यंत ओढून पाहावी. बसून, वाकून आणि हात वर करून कंबर व मनगट उघडी पडत नाहीत ना याची खातरी करावी. मग रंग पाहावा. स्कीच्या बुटात एकच जाड लोकरी मोजा घालावा, कारण दोन-तीन मोजे कोंबल्याने रक्त खेळेनासे होते आणि पाय अधिकच गारठतात. लोकरीचे हातमोजे बर्फात लगेच भिजतात, म्हणून पाणी अडवणारे हातमोजे ही जी एक वस्तू स्वतःची असावी असे मी म्हणेन, तिच्यावर थोडा खर्च करावा. लांब मफलर घालून उताराला लागू नये, तो अडकून अपघात होतो. कानटोपी आणि गळ्याभोवती बसणारा लोकरी पट्टा पुरे. डोळ्यांना गॉगल हवाच, कारण बर्फावरून परतणारे ऊन डोळे जाळते, आणि त्वचेचा बंदोबस्तही त्याच कारणाने करावा.

घोंगडी पांघरून स्कीइंग करावे असे कोणी म्हणणार नाही. ती जड आहे आणि तिच्या राठ केसांना बर्फ चिकटतो. परंतु तिची आजची अवस्था पाहून मन विषण्ण होते. मेंढ्या आता प्रामुख्याने मांसासाठी पाळल्या जातात, दख्खनी लोकरीला उठाव नाही, आणि कातरलेली लोकर पुष्कळदा माळावर टाकून द्यावी लागते. मागावर बसणारा तरुण विणकर शोधूनही सापडत नाही. ज्या लोकरीने शतकानुशतके या मुलुखाला थंडीतून तारले, तिची एक घोंगडी तरी प्रत्येक घराने विकत घ्यावी. रेल्वेतल्या रात्रीला आणि हिमालयातल्या मुक्कामाच्या खोलीत अंथरुणावर ती कोणत्याही उंची ब्लँकेटला हार जाणार नाही.

आणखी एक सूचना येथे करावीशी वाटते. लग्नकार्याच्या मोठ्या भांड्यांचा संच प्रत्येक घराने विकत घ्यावा असे आपल्या गावांनी कधी मानले नाही. देवळाच्या किंवा गावाच्या मालकीची भांडी ज्याच्या घरी कार्य त्याच्या घरी जात, आणि कार्य होताच घासूनपुसून परत येत. हिमालयाच्या पोशाखाचेही असेच व्हावे. पहिल्या सहलीहून परतलेल्या कुटुंबांनी आपले थर्मल, हातमोजे, कानटोप्या आणि मुलांना आखूड झालेले कोट धुऊन, वाळवून, मापांच्या चिठ्ठ्या लावून गावच्या वाचनालयात किंवा एखाद्या मंडळाकडे जमा करावेत. तेथे त्यांची नोंदवही असावी, आणि पुढच्या हिवाळ्यात जाणाऱ्याने सही करून ते न्यावेत. मुलांची मापे दरवर्षी बदलतात, त्यामुळे मुलांच्या कपड्यांपुरती तरी ही व्यवस्था पहिल्याच वर्षी उपयोगी पडेल. असे झाले तर केळीच्या बागेत राबणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलीलाही, केवळ कपड्यांच्या खर्चापायी मन मारून घरी बसावे न लागता, गुलमर्गच्या उतारावर उभे राहता येईल. आणि थंडीची बेगमी एकट्याच्या ऐपतीवर न सोडता सर्वांनी मिळून करायची, ही आपल्या गावांची जुनी रीत एका नव्या कामाला लागेल.